दाताचा स्क्रू आणि तवाभर मिश्री

तोंडात टाके असले की माणसाला बोलता येत नाही, आणि नेमकी तेव्हाच सगळी दुनिया बोलायला घरी येते. मी सांगलीत खाणावळ चालवते. गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय मी भाकरी वाढत नाही असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. अशा बाईला गाल फुगवून कॉटवर गप्प बसवलं. मग काय, ज्याला स्वतःच्या घरात कुणी विचारत नाही तोसुद्धा येऊन मला शहाणपण शिकवून गेला. मी फक्त डोळे वटारत होते. तेव्हा गिळलेली उत्तरं अजून पोटात आहेत. ती लिहून टाकते म्हणजे मला हलकं वाटेल, आणि ज्यांना हाच उद्योग करून घ्यायचाय त्यांना चार गोष्टी आधी कळतील.

डॉक्टर त्याला इम्प्लांट म्हणतात. जबड्याच्या हाडात स्क्रू पिळतात, काही महिन्यांनी हाडानं तो धरला की वर दात बसवतात. आमच्या घरात त्याला स्क्रूच म्हणतात, म्हणून मीही स्क्रूच म्हणणार.

भाकरी

माझ्या उजव्या बाजूच्या दाढा कधीच्याच गेल्या. दुखली की उपट, असा तेव्हा कारभार होता. दात वाचवायचा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. पुढं डाव्या बाजूवर माझं सगळं भागत होतं. मग डावीकडच्या खालच्या दोन दाढा हलायला लागल्या आणि त्याही गेल्या. उरले पुढचे दात. पुढच्या दातांनी भाकरी खाऊन बघा एकदा. उंदरासारखं कुरतडत बसायचं, तोवर आमटी गार.

ज्वारीची भाकरी मी आजही स्वतः थापते. पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. ती दुसऱ्यांच्या ताटात वाढायची आणि आपण मागच्या खोलीत जाऊन आमटीभात गिळायचा. भाताला मी जेवण मानत नाही. भात म्हणजे जेवण झाल्यावर उरलेली जागा भरायची वस्तू. माझ्या हातची भाकरी मलाच खाता येत नाही, याचा मला जेवढा संताप येत होता तेवढा दुखण्याचा कधी आला नाही.

आमचे मालक पलटणीतून रिटायर झालेत. त्यांना प्रत्येक गोष्टीवर पलटणीतला उपाय माहीत असतो. ते म्हणाले, "कवळी बसवून टाक. आमच्या सुभेदारसाबनी बसवलीय, एकदम फिट."

त्या सुभेदारसाबना मी जेवायला वाढलंय. मटणाच्या पहिल्याच घासाला त्यांची कवळी तांबड्या रश्श्यात पडली. गृहस्थानं ती चमच्यानं काढली, चाटून पुसली आणि परत बसवली. शेजारच्या ताटावरचं गिऱ्हाईक अर्ध्यात उठून गेलं ते आजतागायत फिरकलं नाही. कवळी मी लावणार नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं.

दवाखाना

दातांचा दवाखाना एकदम चकाचक. काचेच्या पेटीत मासे, भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या बायका. त्या बायकांना काय दुःख असणार, त्यांना भाकरी कुठं खायची असते!

आत जाण्याआधी एका मुलीनं बसलेल्या सगळ्या लोकांसमोर मला मोठ्यानं विचारलं, "मावशी, बीपी? शुगर? सिगरेट, तंबाखू, गुटखा काही?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी काय तुला स्टँडवर पत्ते कुटत बसणारी वाटले व्हय गं?"

पोरगी लाल झाली आणि तिनं "नाही" लिहून टाकलं. मी खोटं बोलले नव्हते. तंबाखू म्हणजे आमचे मालक चुना लावून गालात धरतात ती. मी लावते मिश्री. सकाळी उठलं, चूळ भरली की मागच्या दारात बसायचं, डबीतली चिमूट बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवरनं सावकाश फिरवायची. मग चहा, मग जग. जेवणानंतर एकदा, दुपारी एकदा. आता मिश्री कशाची करतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. तंबाखूचीच पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरायची. भाजताना सगळं घर खोकतं. पण भाजली की तिच्यातली तंबाखू जळून जाते, उरते ती दाताला लावायची पूड, असं माझी आई सांगायची, माझी थोरली बहीण आक्का सांगते, आणि मीही कैक जणींना छातीठोक सांगितलंय. माझा तवाच वेगळा आहे त्यासाठी. माझ्या हातची मिश्री माहेरी-सासरी सगळीकडं जाते.

आत डॉक्टरबाई बसल्या होत्या. वयानं लहान, पण बोलायला सरळ. फोटो बघून म्हणाल्या, "मावशी, हाड लय झिजलंय. दोन स्क्रू बसतील, पण जेमतेम. हे हाडानं नाही धरले, तर त्या जागी पुन्हा बसवता येतीलच असा शब्द मी देत नाही. मग कवळीच."

मला न्यायला मालक रिक्षा घेऊन आले होते. मालक म्हणाले, "घाबरलीस काय?" मी म्हटलं, "मी घाबरले असते तर तुमच्याशी संसार केला असता का?" पण खरं सांगते, डॉक्टरबाईंनी 'कवळीच' म्हटलं तेव्हा मला तो तांबडा रस्सा दिसला.

खुर्ची

दुखत नाही. हे मी आधीच सांगते, कारण मला जो जो भेटला त्यानं "लय दुखतं" असंच सांगितलं होतं, आणि त्यातल्या एकानंही ते करून घेतलेलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. इंजेक्शनची टोचणी तेवढी लागते. पुढं फक्त आवाज. शेजारच्या रानात बोअर मारताना येतो तसला आवाज, आणि तो आपल्याच डोक्यात.

त्या आवाजाला मात्र मी घाबरले. पहिल्या दिवशीची ती पोरगी, जिला मी फाडून खाल्लं होतं, तीच माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, नाकानं श्वास घ्या. डोळे मिटू नका, माझ्याकडं बघा." शेवटपर्यंत तिनं हात सोडला नाही. मला लाज वाटली. तोंडात यंत्रं होती म्हणून माफी मागावी लागली नाही, तेवढं बरं झालं.

खायचं काय

घरी पोचायच्या आत दवाखान्यातनं मोबाइलवर आहार आला. स्मूदी. ओट्स. योगर्ट. अ‍ॅव्होकाडो कुस्करून. अ‍ॅव्होकाडो सांगलीच्या मंडईत मागून बघा. ती बाई तुम्हाला आधी दोडका दाखवेल, मग पायरी दाखवेल. कुठल्या तरी परदेशी माणसाचं जेवण उचलून आमच्या मोबाइलवर टाकलंय. हेच कागदावर छापून दिलं असतं, तर माझ्या खाणावळीतल्या पोरांनी त्यात मटकीसुद्धा बांधून नेली नसती.

म्हणून मी काय खाल्लं ते सांगते. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, गरम अजिबात नाही. पातळ ताक, नाचणीची आंबील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासनं हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, थोडा गूळ. ताकद येते आणि चावायचं काही नाही. मग मुगाचं पातळ वरण, त्यात अंडं फेटून सोडलेलं. टाके जरा सुकल्यावर मटणाचा अळणी रस्सा, तिखट न घालता. पुढं कैक आठवडे मऊ भात. हो, भातच. माझ्यावर वेळ आली.

यात खरी गोम दुसरीच आहे. ओढायचं नाही. जखमेवर रक्ताची खपली धरलेली असते, गाल आत ओढून काही प्यायलं की ती निसटते. म्हणजे शहाळ्यात नळी नाही, आणि रस्सा ओरपायचा नाही. आता आमच्याकडं रस्सा ओरपत नाहीत तर काय करतात? वाटी तोंडाला लावायची आणि सुर्रकन आवाज आला पाहिजे, नाहीतर वाढणारीला वाटतं रस्सा बिघडला. मी चमच्यानं, आवाज न करता, बँकेतल्या साहेबिणीसारखी अळणी प्यायले. थुंकायचंही नाही. मिठाच्या पाण्याची चूळसुद्धा तोंड वाकडं करून नुसती गळू द्यायची.

पहिले दोन दिवस स्वयंपाक मालकांनी केला. "पलटणीचं लंगर बघितलंय मी," म्हणाले. बघितलंच असणार. केलं नसणार हे पहिल्या पातेल्यात कळलं. आंबिलीत एवढाल्या गुठळ्या, आणि वर विचारतात, "कशी झालीय?" मी बोटानं मोरी दाखवली. दोन दिवस आमच्यात तेवढंच संभाषण झालं.

बघायला आलेले

आजारी माणसाला बघायला मोकळ्या हातानं जायचं नाही, ही आमची रीत. रीत चांगली आहे, पण घरातनं निघताना डोकं बरोबर घ्यायचं असतं.

शेजारच्या वहिनी भडंग घेऊन आल्या. भडंग! लसूण घातलेलं, शेंगदाणे घातलेलं, कुरकुरीत. तोंडात टाके घातलेल्या बाईला. वर म्हणाल्या, "बसल्या बसल्या टाका तोंडात, तेवढाच विरंगुळा." आणि मी नकाराची मान हलवल्यावर विरंगुळा त्यांनीच केला, माझ्यासमोर, मूठमूठ.

तासगावची नणंद बेदाणे घेऊन आली. तिच्याकडं बेदाण्याची शेड आहे, त्यामुळं बारसं असो की मयत, ती बेदाणेच नेते. बसल्या बसल्या म्हणाली, "वहिनी, या वयात दात कशाला ओ? काय लग्नाला उभं राहायचंय?" मला तेव्हा बोलता आलं नाही. आता बोलते. वन्सं, या वयात तुम्ही केस काळे करता ते काय शाळेत नाव घालायला?

मालकांचा एक मित्र येऊन म्हणाला, त्याची आजी शंभरीपर्यंत ऊस सोलून खात होती, सगळे दात जागेवर. गड्या, मग आजीला आणायचंस. तू कशाला आलास? तुझे स्वतःचे दात गुटख्यानं विटकरी झालेत, ते आधी बघ.

आणि एक म्हातारबा नुसते हसून म्हणाले, "दात हायत तवा चणं न्हाईत, चणं हायत तवा दात न्हाईत." एवढंच बोलले, चहा प्यायले आणि गेले. त्यांच्यावर मी रागावले नाही. माणूस कमी बोलला.

आक्का

मग मेढ्याहून आक्का आली. माझी थोरली बहीण. आई सतत आजारी, त्यामुळं मला तिनंच वाढवलं. तिचे मालक वारले तेव्हापासनं ती तिकडं डोंगरातलं रान एकटी बघते. दोन एसट्या बदलून, डोक्यावर हुलग्याचं पीठ आणि नाचणी घेऊन ती दारात उभी राहिली आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

"काय गं ह्ये थोबाड! कुणी हाणलं व्हय?" असं म्हणून तिनं पदर खोचला, मालकांना स्वयंपाकघरातनं बाहेर काढलं, आणि खाणावळीची चूल ताब्यात घेतली. मऊ भात, माडगं, अळणी, सगळं वेळेवर. खाणावळीतल्या बायकांना तिनं असं कामाला लावलं की त्या अजून तिचं नाव काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारात बसली आणि डबी उघडली. मी शेजारी जाऊन बसले. सूज होती म्हणून ऑपरेशनपासनं मी मिश्री लावली नव्हती, आणि डोकं नुसतं ठणकत होतं. आक्कानं डबी पुढं केली.

"घे. ठणका मरंल."

"डागतर म्हणल्यात तिकडं काय लावायचं न्हाई."

"मंग तिकडं नगं लावू. हिकडच्या अंगाला लाव. हिकडं कुठं सुक्रू हाय?"

मला ते बरोबरच वाटलं. खरंच, उजवीकडं कुठं काय होतं? मी चिमूट घेतली आणि उजव्या हिरडीवर बोट फिरवलं. जिवात जीव आला. सूज आल्यापासनं पहिल्यांदा मला माणसात आल्यासारखं वाटलं. आम्ही दोघी बहिणी उन्हात बसून जगाची उणीदुणी काढत मिश्री लावत होतो, आणि मला वाटत होतं, मी आता बरी होणार. आक्का राहिली तोवर रोज, आणि ती गेल्यावरही रोज. नेमानं, उजवीकडंच.

एक स्क्रू

महिना उलटला आणि मागचा स्क्रू ठसठसायला लागला. जिभेनं ढकलला की हलल्यासारखा वाटायचा. मी जीभ लावायची बंद केली. न बघितलं तर दुखणं जातं, अशी आमची सगळ्यांचीच समजूत असते.

शेवटी गेले. डॉक्टरबाईंनी दिवा लावला, बघितलं आणि हात थांबवला. बोटावर पांढरा बोळा गुंडाळून उजव्या हिरडीवरनं फिरवला. तो तपकिरी झाला.

"मावशी, हे काय आहे?"

"मिश्री."

"तुम्ही तंबाखू नाही म्हणाला होता."

"मग? मिश्री कुठं तंबाखू आहे? ती दाताला लावायची असते."

त्यांनी मास्क खाली केला. "मावशी, ती तंबाखूच आहे. भाजल्यानं काही जात नाही. डावीकडं लावा, उजवीकडं लावा, ती थुंकीत मिसळते, रक्तात जाते. हिरडीला रक्त पोचू देत नाही. जखम भरणार कशी?" मग म्हणाल्या, "मागचा स्क्रू हाडानं धरला नाही. काढावा लागेल."

मला एवढा राग आला की मी खुर्चीत उठून बसले. म्हटलं, "तुम्ही दवाखाना कुठं टाकलाय? सांगलीत. इथल्या निम्म्या बायकांच्या कमरेला मिश्रीची डबी आहे, आणि तुमची पोरगी विचारते सिगरेट ओढता का! माझ्या सात पिढ्यांत कुठल्या बाईनं सिगरेट ओढली? मिश्री लावता का असं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्यात लाजायचं काय होतं मला?"

डॉक्टरबाईंनी दिवा बाजूला सारला. मला वाटलं आता त्यासुद्धा शहाणपणा शिकवणार. पण त्या म्हणाल्या, "खरं आहे. विचारायला पाहिजे होतं. माझी आजीपण लावायची." मग हळूच म्हणाल्या, "पण मावशी, हाडाला आपलं भांडण कळत नाही. पुढचा स्क्रू अजून घट्ट आहे. तो राहील की जाईल, हे आता त्या डबीवर आहे."

स्क्रू काढला तेव्हा ट्रेमध्ये टण्ण वाजला. एवढासा. त्यासाठी मी चमच्यानं रस्सा प्यायले होते.

सोडणं

मिश्री सोडताना काय होतं ते कुणी सांगत नाही, कारण कुणी सोडतच नाही. डोकं सकाळपासनं फुटतं. पोट साफ होत नाही. जेवण झालं की बोट आपोआप तोंडाकडं जातं, आणि तोंडापर्यंत गेल्यावर कळतं की ते मोकळं आहे. मी माझा मिश्रीचा तवा भंगारवाल्याला दिला. त्या दिवशी खाणावळीत एकानं आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं. मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून आत नेलं.

मालक गालात तंबाखू धरून मला सांगायला आले, "विल पॉवर पायजे. पलटणीत आमाला..." मी हातातलं उलथनं दाखवलं. पलटणीतलं पुढचं ऐकायचं राहिलं. त्या दिवसापासनं ते तंबाखू गल्लीच्या टोकाला जाऊन खातात. सोडली नाही. माझ्यासमोर खात नाहीत, एवढीच मर्दुमकी. पण मी ती मोजली, कारण बाकीच्यांनी तेवढीही केली नाही. नणंद तर मुद्दाम माझ्याशेजारी बसून डबी उघडायची आणि म्हणायची, "बोटभर लावल्यानं काय होतंय?" मी तिला म्हटलं, बोटभर रॉकेल आमटीत घालून देऊ का?

हात रिकामा ठेवायचा नाही, एवढंच मला कळलं. हात शिवशिवला की मी पीठ मळायला घ्यायचे. खाणावळीत त्या महिन्यांत भाकऱ्या जास्त व्हायच्या.

सगळ्यात अवघड होतं ते आक्काला सांगणं. ती पुन्हा आली, सोबत ताजी भाजलेली मिश्री, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून. मी म्हटलं, "आक्का, मी सोडली. तिच्यानंच स्क्रू गेला."

आक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजी मी तुला इख दिलं?"

"तसं कुठं म्हणतीय मी?"

"मंग कसं? आईनं दिलं, मी दिलं, आमी सगळ्या येड्या. आन ती कालची पोरगी शानी. तुला आंगाखांद्यावर वाढीवलं ते ह्याच हातानं गं."

मीही काही कमी नव्हते, आणि त्यात डोकं फुटत होतं. मी म्हटलं, "त्याच हातानं दात घालवलास." हे मी बोलायला नको होतं. आक्का पिशवी घेऊन उठली ती थेट स्टँडवर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. मी स्क्रूची जेवढी काळजी केली तेवढीच तिची केली, आणि दोन्हीकडं माझ्या हातात फक्त वाट बघणं होतं.

धरला

शेवटी तो दिवस आला. डॉक्टरबाईंनी स्क्रूवर एक बारीक पाना लावला आणि पिळून बघितला. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते. पाना अडला. त्यांनी आणखी जोर केला. हलला नाही.

"धरलाय मावशी," त्या म्हणाल्या. "पक्का."

मी रडले. त्या हात धरणाऱ्या पोरीसमोर, मोठ्यानं. ती म्हणाली, "आता मी सगळ्यांना मिश्री विचारते, मावशी." मी म्हटलं, "विचारत जा गं. पण हळू आवाजात विचार."

पुढं माप घेतलं, दात बसवला. दोनाची एकच दाढ मिळाली, पण वरच्या दाढेला नेमकी भिडते. पहिले काही दिवस मऊ खा, मग हळूहळू सगळं, असं सांगितलं. मी मऊ खाल्लं. खाणावळीत भाकरी थापत होते, पण चाखली नाही. पहिली भाकरी कुणाकडं खायची हे माझं ठरलेलं होतं.

मेढा

सातारच्या गाडीनं सातारा, तिथनं मेढा, मग जीपनं आक्काच्या वाडीला. मला बघून आक्का म्हणाली, "आलीस व्हय." आणि आत गेली. एवढंच स्वागत. मी चुलीपाशी जाऊन बसले.

तिनं भाकरी टाकली. नाचणीची, जाड, तव्यावरनं थेट ताटात. हुलग्याची आमटी, वर खर्डा. मी तुकडा मोडला आणि डावीकडं धरला. चावला. चावला गेला. भाजलेल्या पापुद्र्याचा आवाज मला माझ्याच कानात ऐकू आला. मी पुढचा मोडला. आक्का फुंकणी हातात धरून बघत होती.

"चावतंय?" तिनं विचारलं.

"चावतंय."

"आनखी घालू?"

"घाल. पण तूपण बस."

"मी मागनं."

"मागनं कवा? सगळी झोपल्यावर? बस म्हणतीय न्हवं."

लहानपणी मला धाक दाखवणारी माझी बहीण नाइलाजानं ताट घेऊन बसली. तिनं भाकरीचा बारीक तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि वर पाण्याचा घोट घेतला. मग दुसरा तुकडा, परत घोट. रोज इतकी ताटं बघते मी. माणूस कसा जेवतो यावरनं त्याचं दुखणं सांगते. आणि ही माझ्या घरी येऊन राहिली, माझी चूल सांभाळली, सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवत राहिली, आणि मी एकदाही वळून बघितलं नाही.

"आक्का, तोंड उघड."

"काय यडी का काय तू."

"उघड म्हणतीय."

तिनं उघडलं. पुढचे चार-पाच होते, काळे पडलेले. मागं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसत्या हिरड्या.

"कवापासनं?"

"झालं की लय दिस."

"आणि बोललीस न्हाई?"

"बोलून काय उगवनार हायत?" ती ताटाकडं बघत म्हणाली. मग विचारलं, "मला बी बसवत्याल का गं ती?"

"बसवतील. हाड बघतील आधी. उद्याच्या गाडीनं चल माझ्यासंगं. राहा माझ्याकडं, मी घालीन तुला करून सगळं."

आक्काच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग तिचा हात कमरेच्या डबीकडं गेला आणि तिथंच थांबला.

"ही सोडाया लागंल?"

"लागंल."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं, परत मागं ओढलं. मी वाट बघत होते. इतकी वाट मी स्क्रूची बघितली नव्हती.

"मंग नगं," आक्का म्हणाली. "मला न्हाई जमायचं, बाय."

माझा संताप उसळला. मी म्हटलं, "मर मग. मर अशीच गिळून गिळून. कुत्र्यागत गिळ, मला काय करायचंय! डोंगरात एकटी राहतीस, उद्या घास अडकला तर बघायला तरी कोण हाय तुला?"

मी तिच्या पुढ्यातली भाकरी ओढली, आमटीच्या वाटीत मोडली आणि कुस्करायला लागले. एक गुठळी राहू दिली नाही. बोटं भाजली तरी कुस्करत राहिले, पार लापशी झाली तोवर. वाटी तिच्यापुढं आदळली.

"खा."

आक्का खाली मान घालून जेवली. वाटी रिकामी झाल्यावर तिनं ती माझ्याकडं सरकवली आणि मी दुसरी भाकरी मोडायला घेतली.